कॉम्प्युटर घरघरतोय, पण पंखा नेमका कोणता?

प्रश्न : कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. डेस्कटॉप पाच वर्षांचा. सकाळी चालू केला की दहा मिनिटं घरघरतो, मग गप्प. दुपारी मात्र सूं-सूं सुरू होते ती संध्याकाळपर्यंत. दुरुस्तीवाला म्हणतो, एसएमपीएस (आतली वीजपुरवठ्याची पेटी) बदला. बदलू का?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : थांबा. हे आवाज दोन आहेत, आणि बहुतेक दुखणीही दोन.

सकाळची घरघर बेअरिंगची. स्वस्त पंख्यात बुश (दांडा फिरतो ती छोटी नळी) असतो, त्यातलं तेल वाळत आलं की गार असताना दांडा खडखडतो आणि तापल्यावर गप्प बसतो. दुपारची सूं-सूं वेगाची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, त्यात रुईचे तंतू प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. हवा जात नाही, प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड पंखा पळवतो. पंखा बिचारा निर्दोष.

आता शोध. डावीकडचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं, ते काढा आणि कॉम्प्युटर चालू करा. वर्तमानपत्राची घट्ट नळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं एकेका पंख्याजवळ न्या. नळी पात्यांपासून चार बोटं लांब ठेवा. तरी कळलं नाही, तर पंख्याच्या मधल्या गोल भागावर (पात्यांवर नव्हे) पेन्सिलचा रबर हलका टेकवून दोन-तीन सेकंद थांबवा. आवाज थांबला की चोर सापडला. प्रोसेसरचा पंखा यापेक्षा जास्त वेळ अडवू नका. बाकीच्यांची खात्री कॉम्प्युटर बंद करून, त्या पंख्याची बोर्डावरची पिन काढून, पुन्हा चालू करूनही होते. प्रोसेसरच्या पंख्याची पिन काढली तर बरेच बोर्ड चालूच होत नाहीत.

एसएमपीएसचा पंखा बाहेरूनच ऐका. ती पेटी उघडायची नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. आवाज तिथलाच निघाला तरच दुरुस्तीवाल्याचं ऐका.

साफसफाई अंगणात करा. आधी अर्ध्या इंची रंगाच्या ब्रशने तंतू सोडवा, मग ब्लोअर. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो मोकळा भिरभिरला तर बेअरिंग जातं, आणि जनरेटरसारखी वीज उलट बोर्डाकडे जाऊ शकते.

तेल टाकायचंच असेल, तर मागचा स्टिकर सोलून खाली टोपी असल्यास ती काढा आणि शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब टाका. खोबरेल नको, ते घट्ट होतं. तेल टाकूनही हा इलाज काही महिन्यांचाच. नवा पंखा घेताना माप (बहुधा १२० मिलिमीटर) आणि पिना ३ की ४ ते पाहून घ्या. जाळीच्या पट्ट्या असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते, तेव्हा उलटा बसवू नका.

प्रश्न : पंखा नवा टाकला, तरी टकटक येतेच.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी एखादी वायर पात्यांना घासते का पाहा, प्लास्टिक टायने बांधली की काम झालं. वायर मोकळी असूनही टकटक येत असेल, तर हार्ड डिस्कवर संशय घ्या. नळी डिस्कजवळ धरा. आवाज तिथलाच असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आजच्या आज फाइली दुसरीकडे उतरवा.