.२२३ टार्गेट रायफलमध्ये ८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) मॅच बुलेट, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची बुलेट, चालेल का?

आधी बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे नळीतल्या खाचा किती इंचांत एक पूर्ण वळसा घेतात ते, बघा, बाकी सगळं नंतर. १२ इंचांत एक वळसा असेल तर ८० ग्रेनचा नाद सोडा. बुलेट हवेत डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, लांबट भोक पडतं. ८ किंवा ७ इंचांचा ट्विस्ट हवा. खरं तर ट्विस्टसाठी वजनापेक्षा बुलेटची लांबी महत्त्वाची. एआर (एआर-१५ प्रकारची) रायफल असेल तर ८० ग्रेनचा राउंड (पूर्ण काडतूस) सहसा मॅगझिनमध्ये मावत नाही, एकेक करूनच चेंबरमध्ये घालावा लागतो. ६०० यार्डांवर या जड बुलेटला वारा कमी ढकलतो, तिथे हे सगळं वसूल होतं. १०० यार्डांसाठी एवढा खटाटोप कशाला? काडतूस स्वतः भरत असाल तर पावडर मात्र त्याच बुलेटच्या छापील लोड डेटानुसार (पावडर किती भरायची याचा तक्ता), सुरुवातीच्या, म्हणजे सर्वात कमी चार्जपासूनच (चार्ज म्हणजे पावडरचं प्रमाण). हलक्या बुलेटचा चार्ज जड बुलेटमागे भरला तर दाब धोकादायक वाढतो.