वाचकांचे प्रश्न : २,१४,७४,८३,६४७ ला कशाकशाने भागून पाहायचं?

प्रश्न : २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे जातं. मग तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं का?

उत्तर : गरज नाही. ही संख्या म्हणजे २ चा ३१वा घात वजा १, आणि या रूपामुळेच तिच्या विभाजकांवर कडक बंधनं येतात. समजा, ‘क’ हा तिचा मूळ विभाजक आहे. मग २ च्या ३१व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार (क − १)व्या घाताचीही बाकी १. ३१ स्वतः मूळ असल्याने तिने क − १ ला भाग जावाच लागतो. क विषम, म्हणून खरं तर ६२ ने. शिवाय २ च्या ३२व्या घाताची बाकी २ येते. हा घात पूर्ण वर्ग आहे, म्हणजे क च्या बाबतीत २ ही वर्गबाकी (एखाद्या पूर्ण वर्गाला क ने भागून उरणारी बाकी) ठरते, आणि हे क ला ८ ने भागून १ किंवा ७ उरले तरच घडतं. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च हवी.

४६,३४० पर्यंत असे उमेदवार फक्त ३७३, आणि त्यांतही संयुक्त संख्या बऱ्याच. ६३ आणि २४९ लगेच गळतात. पहिला खरा भागाकार ३११ ने करायचा (बाकी ३५), पुढचा थेट १,३०३ ने! हातानं करायचा पुरावा इतका आटोपशीर होतो, हे फार सुंदर आहे.

प्रश्न : यादृच्छिक संख्यांसाठी मी आधीच्या संख्येला १६,८०७ ने गुणून २,१४,७४,८३,६४७ ने भागतो आणि बाकी घेतो. १ पासून सुरुवात केली, तर तिसरी संख्या १,६२,२६,४७,८६३ येते. ती चूक आहे का?

उत्तर : हो, १,६२,२६,५०,०७३ यायला हवी. तुमच्या प्रोग्रॅममधला गुणाकार ३२ बिटांत (म्हणजे ३२ द्विमान अंकांत) मावत नाही. आधीची संख्या १,२७,७७३ पेक्षा मोठी झाली की ओव्हरफ्लो होतो, म्हणजे न मावणारे वरचे बिट गळून पडतात, आणि इथे उत्तर ऋण न आल्याने चूक लपून राहते. ६४ बिटांचा पूर्णांक वापरा. ते शक्य नसेल तर आधीच्या संख्येला १,२७,७७३ ने भागा, बाकीला १६,८०७ ने गुणा आणि त्यातून भागाकाराची २,८३६ पट वजा करा; उत्तर ऋण आलं तर २,१४,७४,८३,६४७ मिळवा. तुमच्या २८,२४,७५,२४९ साठी भागाकार २,२१० आणि बाकी ९६,९१९ येते. १,६२,८९,१७,६३३ मधून ६२,६७,५६० गेले की बरोबर उत्तर.

सुरुवात ० ने कधीच करू नका, पुढे सगळी शून्यंच येतील. १ पासून निघून १०,००० पायऱ्यांनंतर १,०४,३६,१८,०६५ आलं, तर प्रोग्रॅम बरोबर आहे.