प्रवासाचा हिशेब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे समुद्रावरील जहाजाच्या सहलीविषयी आहेत. आपल्या विदर्भातून कोणत्याही दिशेने निघालो तरी समुद्र गाठायला एक रात्र गाडीत काढावी लागते, आणि कदाचित म्हणूनच त्याची ओढ आपल्याला अधिक असावी. पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि १२ व ९ वर्षांची दोन मुले असे चौघे दिवाळीच्या सुट्टीत मुंबई–गोवा–मुंबई अशा जहाजाच्या सहलीला जाण्याचा विचार करीत आहोत. मोबाइलवर जाहिरात येते, तिच्यात ‘माणशी इतके’ असा आकडा असतो. त्या आकड्यात सारे भागते काय? खोली कोणती घ्यावी? खिडकी नसलेल्या खोलीत मुले घाबरतील असे माझ्या सासूबाईंचे मत आहे.
— एक शिक्षिका, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : भागत नाही. जाहिरातीतील आकडा बहुधा एका खोलीत दोन माणसे राहतील असे गृहीत धरून काढलेला माणशी दर असतो आणि त्यात कर, बंदर शुल्क व जहाजावरील सेवाशुल्क धरलेले नसते. आपण नोंदणी करीत करीत शेवटच्या पानावर पोचतो तेव्हा तो आकडा बराच फुगलेला दिसतो. म्हणून दोन कंपन्यांची वा दोन तारखांची तुलना करायची असेल, तर ती पहिल्या पानावरील दराने न करता पैसे भरण्याच्या आधीच्या शेवटच्या पानावरील रकमेने करावी. ‘मुलांचे भाडे माफ’ या सवलतीचेही तसेच असते. भाडे माफ असले तरी मुलांचा कर आणि बंदर शुल्क बहुतेक वेळा भरावेच लागते.

केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. यातील आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा माणशी दर १८,००० रुपये आहे. चौघांचे ७२,००० झाले. त्यावर कर आणि शुल्के मिळून २०,००० धरा. दारव्ह्याहून मुंबईला जाणे-येणे, टॅक्सी आणि मुंबईतील एक मुक्काम यांचे १२,००० धरा. जहाजावर पेये, फोटो, मुलांचे हट्ट आणि गोव्यात उतरल्यावर फिरण्याची गाडी यांचे ६,००० धरा. एकूण १,१०,००० रुपये होतात. ७२,००० मनात धरून निघालेल्या कुटुंबाला हा आकडा परतीच्या गाडीत टोचतो. आपल्याकडील माणसाने जहाजाच्या सहलीचा हिशेब बंदरापासून न धरता स्वतःच्या घराच्या उंबरठ्यापासून धरावा, असा माझा आग्रह आहे.

आता खोलीविषयी. जहाजावर साधारणपणे आतली बिनखिडकीची, समुद्र दिसेल अशा खिडकीची, बाल्कनीची आणि मोठी आलिशान अशा चढत्या दराच्या खोल्या असतात. दोन रात्रींच्या सहलीत माणूस खोलीत केवळ झोपण्यापुरता जातो. बाकीचा वेळ डेकवर, जेवणघरात आणि कार्यक्रमांत जातो. त्यामुळे आतली खोली घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत मुलांना गोवा नीट दाखवावा असे मी सांगेन. चौघांना एकाच खोलीत भिंतीतून खाली ओढायच्या बर्थसह राहता येते आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर पहिल्या दोघांपेक्षा कमी असण्याची शक्यता असते, म्हणून दोन खोल्या घेण्याआधी ही विचारणा अवश्य करावी. मुले घाबरण्याऐवजी वरच्या बर्थवर कोण झोपणार यावरून भांडतील अशीच शक्यता मला अधिक वाटते. परंतु घरात कोणाला बंद जागेत गुदमरल्यासारखे होत असेल, तर मात्र खिडकीची खोली घ्यावी आणि त्या बाबतीत काटकसर करू नये.

मुख्य जेवणघरातील जेवण सहसा भाड्यात धरलेले असते. मद्य, बाटलीबंद पेये, इंटरनेट, मसाज आणि बंदरावरील सहली यांचे पैसे वेगळे पडतात. किनारा दिसेनासा झाला की मोबाइलने जहाजाच्या उपग्रह यंत्रणेशी आपोआप जोडून घेण्याचा संभव असतो आणि त्याचे दर फार चढे असतात. म्हणून जहाजात पाऊल ठेवताच मोबाइल विमान मोडवर टाकावा.

तुमच्या हाती एक गोष्ट अशी आहे जी नागपूर-पुण्यातील खाजगी नोकरदारांच्या हाती नाही, ती म्हणजे शाळेची सुट्टी भाऊबिजेनंतरही काही दिवस चालू असते. दिवाळीच्या ऐन दिवसांत आणि त्याला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी दर सर्वांत चढे असतात. भाऊबीज आटोपल्यावर सोमवारी वा मंगळवारी सुटणारी सहल पाहिली तर त्याच जहाजावरील तीच खोली बऱ्याच कमी दरात मिळू शकते. सवलतीच्या कूपनांमागे धावून जेवढे वाचत नाही, तेवढे तारीख चार दिवस पुढे सरकवून वाचते, असा माझा अनुभव आहे. उन्हाळी सुट्टीचा विचार करीत असाल तर मेच्या शेवटापासून अरबी समुद्र खवळू लागतो हे लक्षात ठेवावे.

शेवटची गोष्ट रेल्वेची. शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी दारव्ह्यावरून धावत होती ते दिवस गेले. आता तुम्हाला मूर्तिजापूर वा बडनेरा गाठावे लागेल. अमरावतीहून सुटणारी अंबा एक्स्प्रेस किंवा गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते, आणि तेथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनस टॅक्सीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडते. सणाच्या गाडीचे तिकीट त्याच सकाळी काढावे. मात्र ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच सकाळी मुंबईत पोचण्याचा बेत आखू नये. हे मी माझ्या फजितीवरून सांगत आहे. आमची गाडी कसारा घाटाच्या आधी साडेतीन तास उभी राहिली आणि आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा चढण्याची नोंदणी बंद व्हायला वीस मिनिटे उरली होती. जहाज सुटण्याच्या काही तास आधीच दारे बंद होतात, ते कोणासाठी थांबत नाही आणि चुकलेल्या माणसाला सहसा पैसेही परत मिळत नाहीत. मुंबईतील एका रात्रीचा खर्च हा त्या दृष्टीने विम्याचा हप्ता समजावा.

प्रश्न : कापसाचे चुकारे आले की येत्या जानेवारीत मायबापाला समुद्र दाखवायचा असे ठरविले आहे. वडील ७२ वर्षांचे आणि आई ६६ वर्षांची आहे. दोघे माळकरी आहेत. मोठ्या जहाजात त्यांना झेपेल काय? मित्र म्हणतो, कर्ज काढून जा, हप्ते सोपे असतात.
— एक कास्तकार, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : मित्राचा सल्ला प्रथम बाजूला ठेवावा. कापसाच्या भावाचा भरवसा नाही, पावसाचा नाही, आणि सहल संपल्यावरही हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहणार. तुम्हाला सहल पुढच्या वर्षीही चालणार असेल, तर बँकेत आवर्ती ठेव उघडून ठरावीक रक्कम टाकत जावी. गावातील भिशीही चालते, पण ती ओळखीच्या माणसांची असावी.

ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही अशा वयस्कर माणसांना थेट दोन-तीन रात्रींच्या जहाजावर नेणे मला योग्य वाटत नाही. जहाज लागणे (हेलकाव्यांनी मळमळणे) म्हणजे काय हे त्यांना आणि तुम्हालाही ठाऊक नाही, आणि मध्य समुद्रात ते कळल्यावर उतरता येत नाही. त्यापेक्षा मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो (गाड्याही वाहून नेणाऱ्या) बोटीत बसावे. साधारण तासाभराचा प्रवास आहे, बोट मोठी आहे, बसायला नीट जागा आहे आणि खर्च मोठ्या जहाजाच्या तुलनेत नगण्य आहे. मांडव्याहून अलिबागला जाऊन मुक्काम करावा आणि भरती-ओहोटी त्यांना किनाऱ्यावर बसून पाहू द्यावी. गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात, परंतु तुम्ही जानेवारीत जाणार असल्याने ती अडचण नाही. एवढे करूनही त्यांना समुद्र मानवला, तर पुढच्या वर्षी मोठ्या जहाजाचा विचार जरूर करावा. तेव्हा खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागून घ्यावी, कारण हेलकावे तेथे सर्वांत कमी जाणवतात. भारतीय प्रवाशांच्या जहाजांवर कांदा-लसूण नसलेले जेवण सांगून मिळते. नोंदणी करतानाच ते लिहून द्यावे.

प्रवासखर्चात बचत एसटीत होईल. राज्याच्या हद्दीत एसटीमध्ये ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, आणि महिलांना मार्च २०२३ पासून वयाची अट न घालता अर्धे तिकीट आहे. त्यामुळे वर्ध्यापर्यंतचा आणि अलिबागकडील प्रवास एसटीने करावा. रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, ती आहे असे समजून हिशेब करू नये. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा मात्र आहे. परंतु एका तिकिटावर दोनपेक्षा अधिक प्रवासी असले की तो मिळत नाही. म्हणून आईवडिलांचे दोघांचे तिकीट वेगळे काढावे आणि तुमचे वेगळे. एकाच डब्यात जागा मिळाली नाही तरी चालेल, पण आईला मधल्या बर्थवर चढायला लावू नये.

प्रश्न : मला फोन आला की मोबाइल क्रमांकाच्या सोडतीत दोघांसाठी जहाजाची सहल मोफत लागली आहे. नागपूरच्या हॉटेलात पत्नीसह जेवायला बोलावले आहे. जावे काय?
— एक वाचक, देसाईगंज (जि. गडचिरोली)

उत्तर : जाऊ नये. जेवणानंतर दोन-तीन तास बसवून काही वर्षांच्या सदस्यत्वाचे लाखभर रुपये मागितले जातात आणि ‘आजच सही केली तर’ अशी घाई केली जाते. माझ्या ओळखीतील एका निवृत्त गृहस्थांनी अशी सही केली. मोफत सहलीची तारीख त्यांना चार वर्षांत एकदाही मिळाली नाही, वार्षिक देखभालीचे बिल मात्र न चुकता येत राहिले. सही करून बसला असाल तर करारातील रद्द करण्याची मुदत ताबडतोब पाहावी, लेखी कळवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ओटीपी सांगून खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करावा, आणि तोही त्याच तासात.

प्रश्न : मुलगी नोकरीला लागली असून ती आम्हाला सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाने नेऊ इच्छिते. आमच्याकडे पासपोर्ट नाही. खर्चात कोठे कपात करता येईल?
— निवृत्त लिपिक, पवनी (जि. भंडारा)

उत्तर : कपात करण्याआधी कागदपत्रे पाहावीत, कारण या सहलीत सर्वाधिक पैसा कागदाच्या चुकीने बुडतो. पासपोर्ट मिळेपर्यंत जहाजाचे वा विमानाचे पैसे भरू नयेत. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क प्रौढांसाठी १,५०० रुपये आहे आणि अर्ज अधिकृत संकेतस्थळावर मुलगी स्वतः भरू शकेल. त्यासाठी कोणाला हजार-दोन हजार देण्याचे कारण नाही. नावाचे स्पेलिंग आधार आणि पेन्शनच्या कागदांवर एकच आहे ना, हे आधी तपासावे. आपल्याकडे ‘राव’ आणि ‘जी’ कधी नावाला चिकटलेले असतात आणि कधी नसतात, आणि नेमके तेथेच घोडे अडते.

जहाज सिंगापूरहून निघून दुसऱ्या देशाच्या बंदराला लागून पुन्हा सिंगापूरला येत असेल, तर तुमचा सिंगापूरमध्ये प्रवेश दोनदा होतो. व्हिसा त्याप्रमाणे एकाहून अधिक प्रवेशांचा आहे काय, आणि मधल्या देशाचा व्हिसा लागतो काय, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेता टीसीएस गोळा करतो. तो खर्च नसून आगाऊ भरलेला कर असतो. ज्याच्या पॅन क्रमांकावर तो जमा होईल त्याने विवरणपत्र भरले की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. तुम्हाला कर लागत नसेल आणि तुम्ही विवरणपत्रही भरत नसाल, तर ते पैसे तसेच पडून राहतील. म्हणून पैसे मुलीने भरावेत आणि पॅन तिचाच द्यावा.

प्रश्न : आमच्या बचत गटातील चाळीस जणींना बोटीत बसायचे आहे. जमविलेला पैसा थोडा आहे. कोकणापर्यंत जाणे परवडत नाही. काय करावे?
— बचत गटाच्या अध्यक्षा, मोहाडी तालुका (जि. भंडारा)

उत्तर : ताई, चाळीस जणींसाठी एसटी आगारातून ‘प्रासंगिक करार’ पद्धतीने अख्खी बस घ्यावी. खाजगी ट्रॅव्हल्सशी दर तुलना करून पाहावी, पण बसचा विमा आणि परवाना मागून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. पाण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. वैनगंगेवरील अंभोरा तुमच्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे. तेथे पाच नद्यांचा संगम आहे, चैतन्येश्वराचे मंदिर आहे आणि २०२४ साली खुला झालेला केबलवरील पूलही आहे, ज्याच्या उंच गॅलरीतून गोसीखुर्दचे पसरलेले पाणी दिसते. दुसरा पर्याय रामटेकजवळील खिंडसी तलावाचा आहे. गडमंदिराचे दर्शन आणि नौकाविहार एकाच दिवसात होतात. पुलावर जाणे आणि नौकाविहार चालू आहे काय, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावे, कारण पाण्याची पातळी आणि वारा पाहून ते बंद ठेवले जातात. डबे घरचेच न्यावेत.

नावाडी कितीही ओळखीचा असला, तरी प्रत्येकीच्या अंगावर लाइफ जॅकेट चढल्याशिवाय बोट किनाऱ्यावरून सोडू देऊ नये. जॅकेटे दहा असतील तर दहा-दहा जणींच्या चार फेऱ्या कराव्यात, त्यात तासभर अधिक गेला तरी जाऊ द्यावा.