शेतातल्या आखाड्यावर उघड्यात उभ्या ट्रॅक्टरचं कव्हर घरच्या पायमशीनवर शिवता येईल का?

शेड नाही, विकतच्या कव्हरच्या एका उन्हाळ्यात चिंध्या झाल्या, घरी पायमशीन आहे. मग कापड कोणतं घ्यायचं आणि शिवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. शिवता येतं. फक्त मराठवाड्यात कव्हर पावसापेक्षा एप्रिल-मेच्या उन्हानं जास्त जातं, आणि बऱ्याचदा कापड धड असताना दोराच कुजतो.

म्हणून आधी दोरा. सुती नकोच. नायलॉन मजबूत खरा, पण उन्हात पॉलिएस्टरइतका टिकत नाही. गाड्यांचे सीट कव्हर शिवणाऱ्याकडून जाड पॉलिएस्टर दोरा आणा, सुई 18 नंबरची. टाका 4 मिमीच्या आसपास ठेवा. बारीक टाक्यानं शिवण पक्की होत नाही, उलट भोकं जवळजवळ पडून कापड त्याच रेषेत फाटतं.

मोंढ्यात मिळणारी प्लास्टिकची विणलेली ताडपत्री सोयाबीनच्या गंजीवर ठीक, शिवायला नको. टाक्याच्या भोकातून ती उसवत जाते. पीव्हीसीचा लेप असलेली पॉलिएस्टर ताडपत्री घ्या, 400 जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन 400 ग्रॅम. बिनछताच्या मध्यम ट्रॅक्टरला साधारण 20 बाय 17 फूट लागते, वजन 12-13 किलो. 650 जीएसएमची घेतली तर तेच 20 किलोवर जातं. एवढं ओझं रोज एकट्यानं कोण चढवणार?

जुन्या साड्या ट्रॅक्टरवर टाकून, खडूनं खुणा करून आधी साचा काढा. माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, दीड इंच. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडा आणि दोन समांतर शिलाया मारा. दुमडीचं तोंड कौलासारखं उताराकडे हवं, नाहीतर पाणी शिवणीतच थांबतं. टाचण्या लावू नका, त्यांची भोकं बुजत नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. लेप मशीनच्या पायाला चिकटला तर टाल्कम पावडर भुरभुरवा. दुमडीवर दुमड येते तिथं पायडल सोडून चाक हातानं फिरवा. आणि कापडाचा भार धरायला कुणीतरी समोर हवंच. ओढ बसली की सुई वाकते आणि मोडते.

मडगार्डचे कोपरे, हेडलाइट, गिअरचा दांडा इथं आतून दुहेरी ठिगळ लावा. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्याशिवाय कव्हर घालायचं नाही, लेप वितळतो. बॉनेट आणि स्टिअरिंगच्या मधे झोळ पडतो. तिथं बांबू आडवा ठेवला नाही तर अवकाळीच्या एका सरीत पाणी साचून शिवणीवर सगळा ताण येतो.

खालची कड जमिनीपासून फूटभर वर ठेवा. पूर्ण झाकलं की आत दमट राहून पत्रा गंजतो. कडेला दोन इंची दुमड, तिच्यात दोरी, आणि दर दीड फुटाला रिंग. रिंगा पितळीच घ्या. लोखंडी गंजल्या की भोवतीचं कापडही खातात. वावटळीसाठी दोऱ्या ट्रॅक्टरच्या पोटाखालून आरपार बांधा.