केगला ग्राइंडर लावण्याआधी
केग म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप. तो कापून नळवालं मोठं भांडं बनवायचं, तर आधी सांग, केग तुझ्या मालकीचा आहे ना? डिपॉझिट भरून आणलेला केग ब्रुअरीचाच असतो. कापण्याआधी आतला दाब पूर्ण सोड. व्हॉल्व्हची गोळी स्क्रूड्रायव्हरने दाबून धर, फुसफुस थांबेपर्यंत. तोंड बाजूला ठेव, शिळी बिअर कारंज्यासारखी उडते (माझा शर्ट साक्षीला आहे). मगच व्हॉल्व्ह धरून ठेवणारी रिंग काढून आतली नळी उपस.

वरचं भोक ३० सेंटीमीटरचं पुरे. ग्राइंडरची चकती स्टेनलेस कापायची, १ मिलिमीटर जाडीची. गॉगल, हातमोजे हवेतच. कडा कानशीने घासून घे, नाहीतर हात कापलाच समज.

खरी परीक्षा नळाच्या भोकाची. स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं), कमी वेग, जोर भरपूर, कटिंग ऑइल सढळ हाताने. वेग वाढवलास की स्टील नुसतं घासलं जाऊन कडक होतं आणि ड्रिल जागच्या जागी नुसतं किंचाळत फिरतं.