नवा क्लच सरकतोय? प्लेटला शिव्या घालण्याआधी फ्लायव्हील मोजा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. वीस-बावीस वर्षं जुनी डिझेल फोर-बाय-फोर, क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं, फ्लायव्हीलला (प्लेट जिच्यावर घासते ती इंजिनची जड चकती) 'हलकं फेसिंग मारून' (लेथवर वरचा थर काढून) घेतलेलं, आणि ३,००० किलोमीटरच्या आत चढावर आरपीएम वर पळतोय, गाडी मात्र ढिम्म. वर तुमचा प्रश्न: आता सिरॅमिकची हेवी ड्युटी प्लेट टाकू का? गाडीचा रंग सोडला तर ही माझीच कहाणी आहे. मी तेव्हा स्वतःलाच 'टाक' म्हणालो होतो.

टाकू नका. निदान मोजमाप होईपर्यंत तरी नको.

मास्टर-स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारे), तेलगळती वगैरे तुम्ही पाहिलंच असेल असं धरून चालतो. गळती असेलच तर बोटावर घेऊन हुंगा. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअरबॉक्सचं सील, काळं नि पातळ असेल तर इंजिनचं मागचं सील. तेल प्यायलेली प्लेट धुऊन परत घालायला कोणी सांगितलं तर हो हो म्हणा आणि घालू नका.

आता मुद्दा. तुमचं फ्लायव्हील सपाट आहे की पायरीचं? सपाट असेल तर पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही. पायरीच्या फ्लायव्हीलमध्ये प्लेट घासते ती जागा एका पातळीवर आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती कड वेगळ्या पातळीवर असते. या दोहोंमधलं अंतर गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. फेसिंग मारताना घासायच्या जागेवरून जेवढं काढाल, तेवढंच कडेवरूनही काढावं लागतं. माझ्या लेथवाल्याने फक्त आतली जागा आरशासारखी चकचकीत करून दिली. त्यात निळे डाग पडले होते. ते जाईपर्यंत तो कट घेत राहिला, आणि मी शेजारी उभा राहून 'वा, काय फिनिश आहे' म्हणत होतो. (तापून कडक झालेल्या डागांवर लेथचं टूल उड्या मारतं, तिथे ग्राइंडिंगच करून घ्यावं, हे मला नंतर कळलं.) आधीच्या मालकानेही एकदा असंच करून घेतलं असणार, कारण शेवटी मोजलं तेव्हा पायरी ठरल्यापेक्षा १.८ मिलिमीटरने खोल निघाली.

१.८ म्हणजे किती, तर साधारण प्लेटवर रिव्हेटच्या वर दोन्ही बाजूंचं मिळून झिजण्यासारखं लायनिंगच (घासणारा थर) दोनतीन मिलिमीटर असतं. म्हणजे माझी कोरी प्लेट बसवल्या दिवशीच अर्ध्याहून जास्त झिजल्यासारखी होती. प्रेशर प्लेटला तिला दाबायला तेवढं जास्त पुढे जावं लागत होतं.

आणि गाडीने मला सांगितलं होतं हो! माझ्या गाडीत पुशरॉडवर (क्लच ढकलणाऱ्या दांड्यावर) फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, जुळवायचा नट आहे. नवी प्लेट टाकली की तो नट आट्यांच्या मध्यावर कुठेतरी यायला हवा. मिस्त्रीने जुळवला तेव्हा तो शेवटच्या दोन आट्यांवर उभा होता. प्लेट झिजते तशी डायफ्रामची (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची) बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि फ्री प्ले कमी होतो. नव्या प्लेटवरच ती इतकी पुढे आली असतील तर आत काहीतरी खोल गेलंय, हे समजायला हवं होतं. मी गाडीखाली आडवा पडून, टॉर्च धरून तो नट डोळ्यांनी पाहिला आणि मिस्त्रीला म्हणालो, "चालतंय ना? मग बस्स." या दोन शब्दांपायी गिअरबॉक्स आणखी दोनदा उतरला.

पहिल्यांदा सरकला तेव्हा ज्यांच्याकडून सेट घेतला त्यांच्याकडे वॉरंटी मागायला गेलो. नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने प्लेट हातात घेतली, काठावरचं काळपट लायनिंग बघितलं आणि पावतीवर लिहिलं 'चुकीचा वापर'. फ्लायव्हील पायरीचं होतं का, त्याची खोली मोजली का, एक शब्द विचारला नाही. चूक माझीच होती, वॉरंटी नाकारली हे बरोबरच. पण तेवढा एक प्रश्न त्याने विचारला असता तर माझे सहा महिने वाचले असते. उलट मलाच सांगितलं, "तुमचं ड्रायव्हिंग हेवी आहे, सिरॅमिक घ्या."

घेतलं. जास्त दाबाची प्रेशर प्लेट असल्याने पाच महिने सरकला नाही, म्हणून मी खूष. पण पेडल असं जड की ट्रॅफिकमध्ये गुडघा बोलायला लागला. दगडांवर लो रेंजला (फोर-बाय-फोरचे हळू, जास्त ताकदीचे गिअर) पहिल्या गिअरमध्ये जिथे केसभर पुढे जायचं, तिथे गाडी एकतर उभी, नाहीतर उडी. ऑरगॅनिक, म्हणजे साधी, प्लेट थोडी घसरत घसरत पकडते, म्हणून तर ती खडकांवर बरी. सिरॅमिक बटणासारखी चालू-बंद, आणि तो झटका युनिव्हर्सल जॉइंट खातात. शिवाय पेडल दाबल्यावर तो सगळा दाब क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या कड्यावर) जातो. जुन्या इंजिनात त्याचा विचार करा. इंजिनची ताकद खरोखर वाढवली असेल तर गोष्ट वेगळी. नुसते टायरच मोठे टाकले असतील तर ट्रेलरसकट चढावर रिव्हर्स घेताना लो रेंजचा दांडा ओढा, क्लच आपोआप वाचतो. हे माझं मत, रॅलीवाले भांडतील.

सहाव्या महिन्यात तोही सरकला. तेव्हा कुठे एका म्हाताऱ्या फिटरने सरळपट्टी आडवी ठेवून डेप्थ गेज आत सोडला, आणि माझ्याकडे न बघता फक्त आकडा वाचला. मग नवं फ्लायव्हील, मूळ मापाची साधी ऑरगॅनिक प्लेट. अजून चालू आहे. कडेवरून तेवढंच काढूनही जुळवता येतं, पण किमान जाडी पुस्तकात बघून. ड्युअल मास (आत स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) फ्लायव्हील असेल तर लेथकडे नेऊच नका.

गिअरबॉक्स उतरवणारच असाल तर रिलीज फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा) पिव्हटच्या खळग्यापाशी नखाने चाचपा. लँड रोव्हरच्या जुन्या डिफेंडरमध्ये तो तिथे झिजून आरपार जातो ही सर्वश्रुत गोष्ट आहे. पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक जिथे टेकतं ते) बदला. परत चढवताना दोन लांब बोल्टची डोकी कापून गाइड म्हणून लावा, आणि बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस नुसतं पुसल्यासारखं. चिखलात जात असाल तर बेल हाउसिंगखालचं (क्लचभोवतीच्या कवचाखालचं) भोक मोकळं आहे ना बघा. पाण्यात उतरताना त्याला प्लग लावणारे नंतर काढायला विसरतात, मीही विसरलोय.

मी मेकॅनिक नाही, तुमची गाडी पाहिलेली नाही, प्लेटच खराब निघू शकते. पण आधी बॉक्स न उतरवता होण्यासारखं करा: तुमच्या गाडीत पुशरॉड जुळवता येत असेल तर नटाच्या मागे-पुढे किती आटे दिसतात ते मोजून इथे टाका. आणि लेथवाल्याला फोन करून एवढंच विचारा, कडेवरून काढलं होतं का?