दुबईच्या इंटरव्ह्यूचा सूट, गहाण पडलेलं सोनं आणि तीस दिवसांची मुदत

चिपळूणजवळचे एक वाचक सध्या नवी मुंबईत साइट इंजिनीअर आहेत. वय ३१, एसी आणि डक्टिंगच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, हातात ४६ हजार पगार. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी सोबत, आई गावी. पत्रातला प्रश्न असा: ‘पुढच्या महिन्यात दुबईला इंटरव्ह्यू आहे. शोरूममध्ये ३८ हजारांचा थ्री-पीस सूट पाहिला आहे, सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट हप्त्यावर मिळतोय. घ्यावा का? की नुसता ब्लेझर चालेल? पगार महिना ८,००० दिरहम सांगितलाय, त्यामुळे हप्त्याची अडचण नाही.’

पुढे जाता जाता त्यांनी आणखी काही लिहिलंय. कन्सल्टन्सीला १ लाख ६० हजार द्यायचे आहेत, त्यातले ५० हजार दिले. ‘आता एनआरआय होणार, तर टॅक्स-फ्री काहीतरी करून ठेव’ असं सांगून मेहुण्यांनी एक पॉलिसी दिली, वर्षाला दीड लाख हप्ता, दहा वर्षं. या दोन्हींसाठी आईच्या पाटल्या आणि पत्नीचा हार ठेवून १२ टक्क्यांनी दोन लाखांचं सोनेतारण कर्ज घेतलं. पॉलिसीचे कागद मेलवर येऊन नऊ दिवस झालेत.

हे शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण संपूर्ण पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. त्याकडे येतो. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सूट घेऊ नका. तुम्ही कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एसीच्या कामासाठी जाताय. समोर बसणारा प्रोजेक्ट मॅनेजर बहुधा स्वतः फुल शर्ट आणि ट्राउझरवर असेल. चकचकीत कापडाचा थ्री-पीस लग्नात शोभतो. तिथे तो तुम्हाला साइटवरच्या माणसापेक्षा वेगळाच कुणीतरी दाखवेल. फुल बाह्यांचे दोन शर्ट, एक पांढरा आणि एक फिकट निळा. दोन ट्राउझर्स, गडद राखाडी आणि नेव्ही ब्लू. काळे लेसचे चामडी बूट आणि त्याच रंगाचा पट्टा. एक साधा नेव्ही ब्लेझर, खांद्यात नीट बसणारा, बाह्या शिंप्याकडून मापात करून घेतलेल्या. टाय बॅगेत ठेवा. कन्सल्टंटच्या किंवा मोठ्या विकसकाच्या ऑफिसात बोलावलं तर बांधा, कॉन्ट्रॅक्टरकडे नसली तरी चालते. बँकेत किंवा डीआयएफसी या दुबईच्या वित्त केंद्रातल्या कंपनीत जाणाऱ्याला मात्र पूर्ण सूट लागतो, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो.

कापडावर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. जुलै-ऑगस्टमध्ये दुबईत पारा चाळिशीच्या वर असतो, हवा दमट असते, आणि ऑफिसात एसी इतका गार की अंगावरचा घाम थंड पडतो. पॉलिस्टरचा ब्लेझर अशा वेळी पाठीला चिकटतो. हलक्या लोकरीचं मिश्रण असलेलं, अर्ध्या अस्तराचं कापड मागा. ब्लेझर हातावर घेऊन जा, इमारतीच्या लॉबीत शिरल्यावर घाला. मेट्रो आणि तिची स्टेशनं गार आहेत, पण स्टेशनपासून ऑफिसपर्यंतची दहा मिनिटं घाम फुटायला पुरेशी आहेत, म्हणून वीस मिनिटं आधी पोहोचा आणि घाम वाळू द्या. बूट नवे कोरे घालून जाऊ नका, आठ दिवस इथे वापरून घ्या. अत्तर अगदी बेताचं. समोर बाई असतील तर त्यांनी हात पुढे केला तरच हात मिळवा. तिथल्या लोकांचा पांढरा कंदुरा (पायघोळ झगा) हा त्यांचा पोशाख आहे, मान दाखवण्यासाठी म्हणून आपण तो घालून जायचा नसतो. इंटरव्ह्यूला जाणाऱ्या स्त्रियांनी खांदे आणि गुडघे झाकणारा कोणताही नेटका औपचारिक पोशाख घालावा. सलवार-कमीज चालते, डोकं झाकायची गरज नसते.

शर्ट तीन हजार, ट्राउझर्स चार हजार, बूट साडेतीन, ब्लेझर सहा, पट्टा-मोजे-शिवणकाम एक. झाले साडेसतरा हजार. हे रोख द्या. नो-कॉस्ट म्हणतात त्या हप्त्यात प्रोसेसिंग फी असते किंवा रोखीवरची सवलत गेलेली असते. तिथे गेल्यावर कपडे चुरगळले तर बर दुबईत मीना बाजारच्या आसपास इस्त्रीवाले आणि शिंपी भरपूर आहेत.

आता पॉलिसी.

विमा नियामकाच्या २०२४च्या नियमांनुसार पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. विमा जितके दिवस लागू होता तितक्या दिवसांचा जोखमीचा हप्ता (म्हणजे विमा संरक्षणापुरता भाग), वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढं कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमचे नऊ दिवस गेले होते, पत्र इथे येईपर्यंत आणखी काही गेले. उद्या सकाळी विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोच अर्ज कंपनीच्या अधिकृत मेलवरही पाठवा. मेहुण्यांच्या हातात अर्ज देऊ नका. ते ‘मी बघतो’ म्हणतील आणि त्यात मुदत निघून जाईल. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याच्या कमिशनमध्ये जातो आणि पॉलिसी परत गेली की कमिशनही परत जातं, हे ध्यानात ठेवून त्यांचं बोलणं ऐका.

ही पॉलिसी वाईट का, ते आकड्यांत पाहा. दीड लाख, दहा वर्षं, म्हणजे १५ लाख भरायचे. विसाव्या वर्षाच्या शेवटी २७ लाख मिळणार असं तुमच्या कागदावर आहे. ‘जवळजवळ दुप्पट’ ऐकायला बरं वाटतं, पण वर्षाचा परतावा पडतो चार टक्क्यांच्या आसपास. त्याच पैशाला सात टक्के मिळाले असते तर विसाव्या वर्षी ४४ लाखांच्या घरात रक्कम गेली असती. आणि हे चार टक्के मिळवण्यासाठी तुम्ही १२ टक्क्यांनी सोनं गहाण ठेवलंय! पहिल्या हप्त्यापुरतं बोलायचं तर महिन्याला दीड हजार व्याज फक्त हा तोटा चालू ठेवण्यासाठी जातंय.

एनआरआय आणि टॅक्स-फ्री हे तर निव्वळ विक्रीचं बोलणं आहे. १ एप्रिल २०२३ नंतरच्या पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता पाच लाखांच्या आत असेल आणि विमा रक्कम वार्षिक हप्त्याच्या किमान दहापट असेल, तर मुदतीनंतरची रक्कम भारतात राहणाऱ्यालाही करमुक्तच असते. त्यासाठी दुबईला जावं लागत नाही. विमा तरी किती मिळाला? हप्त्याच्या दहापट, १५ लाख. तुमच्या घरचा खर्च तुम्ही महिना ३४ हजार लिहिलाय. १५ लाख चार वर्षंसुद्धा पुरणार नाहीत. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, एक कोटीचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा, शुद्ध विमा) वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत मिळतो. निघण्याआधी तो घ्या, कामाचं स्वरूप आणि परदेशी जाण्याचा बेत अर्जात खरा लिहा.

परत आलेले दीड लाख थेट सोनेतारणात भरा. कर्ज ५० हजारांवर येईल, व्याज महिना पाचशेवर. एक दागिना सोडवून मिळतो का ते विचारा आणि आधी आईच्या पाटल्या सोडवा.

राहिली कन्सल्टन्सी. उरलेले १ लाख १० हजार तुम्ही पर्सनल लोन काढून देणार आहात. देऊ नका, एक रुपयाही नाही.

१९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते, आणि नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, घेऊ शकतो. तुमच्याकडून मागितलेत १ लाख ६०. दिलेले ५० हजारच मर्यादेच्या वर गेलेत. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. यूएईचा (दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीचा) कामगार कायदाही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई करतो, मग तो थेट असो की आडवळणाने. खऱ्या नोकरीत व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) हा सगळा खर्च मालकाचा असतो.

तुमच्या पत्रात कंपनीचं नाव कुठेच नाही. ‘इंटरव्ह्यू फक्त फॉर्मॅलिटी आहे’ असं एजंट म्हणतो, ऑफर लेटर मात्र ‘तिथे गेल्यावर’. तुम्ही जाणार व्हिजिट व्हिसावर, इथली नोकरी सोडून. मला या एकेका गोष्टीची काळजी वाटते, सगळ्या एकत्र आल्या की फारच. व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला, इंटरव्ह्यू द्यायला लोक जातात, कोकणातून तर पिढ्यान्‌पिढ्या जातायत. पण त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. तिथल्या कामगार कायद्याच्या २०२४च्या दुरुस्तीनंतर असं काम देणाऱ्याला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. ‘व्हिसा नंतर बदलू, तोवर साइटवर ये’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. मुदत संपल्यावर राहिलात तर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो.

दोन महिने नोकरी मिळाली नाही तर काय, हा हिशेब तुम्ही मांडलेलाच नाही. दिरहम सोयीसाठी २४ रुपये धरू. करामा किंवा सतव्यात बेडस्पेस (सामायिक खोलीतली एक खाट), जेवण, मेट्रो, फोन मिळून महिना अडीच हजार दिरहम, दोन महिन्यांचे १ लाख २० हजार रुपये. व्हिसा आणि जाण्या-येण्याचं तिकीट ४० हजार. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग व्हिसासाठीच मागतात. घरचा खर्च ६८ हजार. बेरीज सव्वादोन लाखांच्या वर, कन्सल्टन्सी सोडून. तुमच्याकडे एफडीत आहेत ७० हजार. म्हणजे जो पगार अजून कुणी कागदावर लिहून दिलेला नाही, त्याच्या भरवशावर आईचं आणि पत्नीचं सोनं, नवं कर्ज आणि हातातली नोकरी, सगळं लावलं जातंय. अनुभव तुमच्याकडे खरा आहे, सात वर्षांचा. त्याला गिऱ्हाईक आहे. तो विकायला इतकी घाई करू नका.

एजंटकडून कंपनीचं नाव आणि पद लेखी मागा. कंपनीच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर स्वतः मेल करा: या पदासाठी भरती चालू आहे का, पहिली फेरी व्हिडिओवर होईल का. इंजिनीअरच्या जागांसाठी पहिली फेरी व्हिडिओवर घेणं आता रोजचंच झालंय. तसं ठरलं तर वर लिहिलेला निळा शर्ट आणि ब्लेझर घाला, ट्राउझरही घाला (मध्ये उठावं लागतं), मागे कोरी भिंत ठेवा आणि खिडकी समोर येईल असे बसा. खर्च शून्य. ऑफर आली की ती यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे, किंवा कंपनी फ्री झोनमधली (वेगळे नियम असलेल्या व्यापारी क्षेत्रातली) असेल तर त्या झोनच्या प्राधिकरणाकडे, तपासता येते. ऑफरची खात्री पटून रोजगाराचा प्रवेश परवाना हातात आल्यावरच राजीनामा द्या.

एजंटने नाव द्यायला नकार दिला, तर दिलेल्या ५० हजारांची पावती आणि सगळे मेसेज घेऊन आधी त्याच्याकडे लेखी परतावा मागा, मग मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा सरकारी अधिकारी) आणि पोलिसांकडे तक्रार द्या. पूर्ण रक्कम परत मिळेल असं मी सांगणार नाही. पण पुढचे १ लाख १० हजार नक्की वाचतील.

आणि ऑफर खरी निघाली तर ८,००० दिरहममध्ये मूळ पगार किती, ते विचारा. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर असते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा. मूळ पगार ४,५०० असेल तर वर्षाला सव्वातीन हजारही होत नाहीत. घर कंपनीचं की तुमचं, वार्षिक तिकीट कुणाचं, हेही लेखी घ्या. एकटे राहिलात आणि साडेतीन हजारांत भागवलंत तर साडेचार हजार दिरहम, म्हणजे १ लाख ८ हजार रुपये उरतील. त्यातून घरचे ३४ हजार पाठवल्यावर ७० हजारांच्या वर शिल्लक. हा चांगला सौदा आहे. पत्नी आणि मुलीला लगेच नेलंत, तर स्टुडिओचं भाडंच चार हजारांच्या आसपास धरा, वर वाणसामान, प्रवास, दोन वर्षांत मुलीची शाळा. आठ हजारांत महिनाअखेर हातात फारसं उरणार नाही. पहिलं वर्ष एकट्याने काढायची तयारी आहे का, हे पत्नीशी आजच बोला. विमा कंपनीचा अर्ज मात्र त्याआधी लिहा.